उजव्या हाताचा ओरखडा

मित्रांनो, माझ्या टोकावरून बोट फिरवू नका. मी एक जुना स्क्रॅपर आहे. पत्र्याच्या डब्यात पडून गंजलो आहे, पण धार अजून उतरलेली नाही. ती आधीच उतरली असती तर बरे झाले असते.

माझा जन्म कानस म्हणून झाला. दात झिजले आणि मी भंगारात जाणार, तेवढ्यात उस्तादांनी मला उचलले, ग्राइंडरवर धरून टोक चपटे केले आणि लाकडी मूठ बसवली. उस्ताद म्हणजे मोटारसायकली दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री. ते डावखुरे. माझी मूठही त्यांनी डाव्या पंजाच्या मापाने तासली होती.

इंजिनाचे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात, तिथे मध्ये कागदासारखी पातळ गॅस्केट असते, म्हणून तेल आतच राहते. इंजिन खोलले की जुनी गॅस्केट भिंतीवरच्या जुन्या जाहिरातीसारखी चिकटून बसलेली असते. ती कणन् कण काढायची आणि खालच्या धातूला ओरखडा येऊ द्यायचा नाही, हे खरे काम. उस्तादांचा नियम साधा होता. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला मी. मऊ ॲल्युमिनियमला पितळेची पट्टी, तिथे माझी सावलीही पडता कामा नये. आधी थिनर लावायचे, अर्धा तास थांबायचे, मग हलक्या हाताने खरवडायचे आणि शेवटी डोळे मिटून सगळ्या कडेवरून नख फिरवायचे. "डोळे फसवतात, नख खोटं बोलत नाही," असे ते आपल्या मुलीला सांगत. ती लहानपणापासून बाकाशेजारी स्टुलावर बसून हे पाहत आली होती. उस्तादांनी बांधलेल्या इंजिनाखाली पांढरा रुमाल अंथरला तरी डाग पडायचा नाही, असे गिऱ्हाइके म्हणत. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असे समजून मी मनातल्या मनात मिशीवर ताव देत असे.

पुढे मुलीचे लग्न झाले आणि जावई वर्कशॉपमध्ये आला. हात चलाख होता, पण धीर औषधालाही नव्हता. थिनर मुरेपर्यंत थांबणे म्हणजे त्याला कोपऱ्यात उभे राहण्याची शिक्षा वाटे.

एका दुपारी पोस्टमनच्या मोटारसायकलचे इंजिन बाकावर होते. उस्तादांनी थिनर लावले, घाण आत पडू नये म्हणून भोकांत चिंध्या कोंबल्या आणि ते चहाला गेले. जावयाने घड्याळ पाहिले, पितळेची पट्टी बाजूला सारली आणि मला उचलले. मला ओरडावेसे वाटले, पण हत्याराला कोण विचारतो? दोन फटक्यांत अर्धी गॅस्केट निघाली. तिसऱ्या फटक्याला मी मऊ धातूत रुतलो आणि उजवीकडून डावीकडे, थेट बाहेरच्या कडेपर्यंत, एक चर पडला. तो मीच पाडला. जावयाने त्यावर फट बुजवणारे सीलंट लिंपले, नवी गॅस्केट ठेवली आणि घाईने दोन्ही भाग जोडून टाकले.

उस्ताद परत आले तेव्हा बोल्ट आवळून झाले होते.

"जावईबापू, नखानं बघितलंत ना?"

"बघितलं की, मामा."

आठवड्याने पोस्टमन मोटारसायकल ढकलत आला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत तेलाने काळी झाली होती. तेल गळून गळून चढावरच इंजिन जाम झाले होते. ते पुन्हा खोलले आणि चर सगळ्यांच्या नजरेस पडला.

"मामांचा हात हल्ली थरथरतो," जावई जमिनीकडे बघत म्हणाला. "मीच बोललो नाही इतके दिवस."

उस्तादांनी चरावरून नख फिरवले. मग मुलगी वाकली. तिनेही नख फिरवले, एकदा इकडून, एकदा तिकडून. बाकावर इंजिन नेहमी एकाच दिशेने ठेवले जाते, म्हणून चर कुठून सुरू झाला ते कळते. डावखुऱ्याचा फटका डावीकडून उजवीकडे जातो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिने नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. मग वडिलांकडे पाहिले. मला वाटले, आता ही बोलणार.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून तुम्ही इंजिनाला हात लावू नका. गल्ल्यावर बसा. तेवढाच आराम."

आपलेच दात, आपलेच ओठ. उस्तादांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना कळले होते, आणि तिलाही कळले आहे हेसुद्धा त्यांना कळले होते. "बरं," एवढेच म्हणून त्यांनी पोस्टमनची माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानेच फास गळ्यात घालून घेतला.

आता जुने गिऱ्हाईक येऊन विचारते, "उस्ताद, इंजिन तुम्हीच बघाल ना?" तेव्हा ते हसून सांगतात, "नजर गेली हो आता." नजर कुठेही गेलेली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरे ते खुर्चीतून वाचतात. माझे म्हणाल तर, जावयाने मला त्याच दिवशी या डब्यात फेकले. बहुधा त्यालाही मी नजरेसमोर नको होतो.

मित्रांनो, आम्हाला पुसून ठेवा, तेल लावा, असे मीही सांगायला हवे. जमले तर तेही करा. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. चूक कोणाची हे तुम्हाला ठाऊक असेल आणि शिक्षा भलत्यालाच होत असेल, तर घर शांत राहावे म्हणून गप्प बसू नका. मला तोंड नव्हते. तिला होते.