चुआ लियोंगचे उलटे पितर

ऊन डोक्यावर आलं की चंद्रबंदरात चुआ लियोंगच्या दारापुढे रेटारेटी सुरू व्हायची. लुझोन बेटावर व्यापाराला गेलेली आमच्या गावची दोनशे माणसं तिथल्या दंगलीत मारली गेली, त्याला सात महिने झाले होते. एकाचंही प्रेत घरी आलं नव्हतं. आणि चुआ लियोंग मेलेली माणसं दाखवत होता.

"मेलेल्याचे कपडे आणलेत का? कपडे नसले तर आत्मा काय नागडा येईल?" तो ओरडायचा. "गोऱ्या साधूंची विद्या आहे ही, सात समुद्रांपलीकडची! ढगाळ दिवशी येऊ नका. मेलेल्यांना वाट दिसत नाही!"

मी गावातल्या शाळेचा मास्तर, ओंग बुनतेक. माझा थोरला भाऊ बुनसेंग रेशीम घेऊन लुझोनला गेला होता. तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी धडा पुरा केला, मुलांची अक्षरं तपासली आणि जेवलो. आत काही हललं नाही. गिओकलान वहिनीही रडली नाही. ती भाताच्या वाडग्याकडे बघत बसायची. भात गार झाला की वाडगा उचलून ठेवायची.

आमचे थोरले काका आम्हाला चुआकडे घेऊन गेले. वहिनीने दादाचा निळा झगा दिला. खोलीत मिट्ट काळोख होता आणि समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावलेला होता.

"मागे वळून बघायचं नाही," चुआ म्हणाला. "वळलात की आत्मा पळाला!"

मग कागदावर उजेड आला आणि त्यात एक माणूस. डोकं खाली, पाय वर. अंगात निळा झगा. चेहरा टोपीच्या सावलीत धूसर होता, पण माणूस हलत होता. बायकांनी हंबरडा फोडला.

"उलटा का?" कोणीतरी विचारलं.

"पाताळात सगळं उलटंच असतं, बाबा!"

तेवढ्यात त्या माणसाच्या पायांजवळून एक कोंबडी गेली. तीही उलटी. तिला शेपूट नव्हतं.

"आणि ही कोंबडी?" मी विचारलं.

"पितरांना बळी दिलेली. गुरुजी, तोंड बंद ठेवा!"

निळ्या झग्यातल्या माणसाने हात हलवला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

"बोलावतोय," चुआ हळूच म्हणाला. "बायकोला बोलावतोय."

"ऐकलंस ना, सूनबाई?" काका म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण दुःखाने नव्हे. नवऱ्यामागे जीव देणाऱ्या विधवेसाठी सरकार दगडी कमान उभारतं आणि त्या घराण्याचं नाव होतं. आमच्या घराण्यात तशी कमान नव्हती.

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, येत्या पौर्णिमेला मी जाते. त्यांनी बोलावलंय."

"भीती नाही वाटत?"

"काहीच वाटत नाही."

मलाही काही वाटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. काकांनी दुसऱ्याच दिवशी तिने मरताना नेसायची भरजरी वस्त्रं शिवायला टाकली. मी चुआच्या घराला वळसा घातला. मागच्या अंगणाच्या कुडाखालून एक कोंबडी बाहेर आली आणि दाणे टिपू लागली. धडधाकट, जिवंत. शेपूट नसलेली.

बंदरावर पाद्री गास्पार जहाजाची वाट बघत मुक्कामाला होता. वीस वर्षांत तो आमची भाषा मोडकीतोडकी शिकला होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"चुआ? माझा नोकर होता तो," पाद्री म्हणाला. "जाताना माझं भिंग घेऊन गेला."

त्याने खिडक्या लावून खोलीत काळोख केला आणि खिडकीच्या एका फळीतल्या बोटाएवढ्या भोकावर दुसरं भिंग धरलं. समोरच्या भिंतीवर रस्ता उमटला. हमाल उलटे, डोलकाठ्या उलट्या.

"वरून आलेला उजेड भोकातून खाली जातो आणि खालून आलेला वर. म्हणून उलटं. भिंगाने चित्र स्वच्छ होतं, एवढंच. समोर उन्हात जे उभं असेल तेच दिसतं."

"यात देव नाही?"

"देव सगळीकडे आहे. पण हे भिंग आहे."

"आणि तुम्ही लोकांवर शिंपडता ते पाणी?"

"ते वेगळं."

"चुआही असंच म्हणतो," मी म्हणालो. पाद्री कसनुसं हसला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि काका पुन्हा त्या काळोखात बसले होते. मी मागच्या अंगणात शिरलो. भर उन्हात, पांढऱ्या भिंतीपुढे, चुआचा मेहुणा दादाचा झगा घालून उभा होता. मी त्याला बाजूला ढकललं, कोंबडी काखेत धरली आणि घराच्या भिंतीतल्या भोकाकडे तोंड करून उभा राहिलो.

आत गलका उठला. "अगं बाई, आपले गुरुजी! गुरुजी गेले!" "काल तर चांगले होते!"

चुआही ओरडला, "होय, होय! आत्ताच वारले! मला आधीच दिसलं होतं!"

रडत रडत माणसं बाहेर धावली, माझी हाक ऐकून अंगणात आली आणि मला बघून जागच्या जागी थिजली. मी म्हटलं, "एकेकाने आत जा. मी इथे हात हलवतो. तिथे काय दिसतं ते बघा."

ती एकेक करून आत गेली आणि मान खाली घालून बाहेर आली. चुआ कुडावरून उडी टाकून पळाला. कोणी त्याच्या मागे गेलं नाही.

काका पुटपुटले, "पण हात तर केला होता. बोलावलं होतं."

मेहुणा रडकुंडीला आला. "गोमाश्या होत्या हो! गोमाश्या हाकलत होतो!"

वहिनीने त्याच्या अंगातून झगा काढून घेतला. नीट घडी घातली.

"म्हणजे त्यांनी बोलावलं नाही?"

"नाही, वहिनी."

"ते आलेच नव्हते?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. घरापर्यंत झगा छातीशी धरून चालली. उंबऱ्याशी आल्यावर मात्र खाली बसली आणि सात महिन्यांचं एकदम रडली. माझे डोळे कोरडेच राहिले. मी फक्त तिच्याजवळ बसून राहिलो.

त्याला आता अकरा वर्षं झाली. वहिनी जाळी विणते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. काका मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दरवर्षी मी मुलांना खोलीत काळोख करून, फळीला भोक पाडून उलटा रस्ता दाखवतो. मग बाहेर नेऊन तोच रस्ता सुलटा दाखवतो. त्यांना एवढंच सांगतो की ज्याचं दुःख मोठं, त्याला फसवणं सोपं असतं. म्हणून कोणी "मागे वळून बघू नका" म्हणालं, तर नक्की वळा. विचारा, तपासा, बाहेर जाऊन बघा. खरं असेल ते बघितल्याने पळून जात नाही.