यमकाची दुरुस्ती

अनुजाचा जळफळाट होत होता, आणि तो होतोय हे तिला चांगलं कळत होतं. बावीस वर्षं दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या मनासाठी शब्द शोधावा लागत नाही.

झालं असं, की दादरच्या एका वाचनालयाने बायकांचं कविसंमेलन ठरवलं. आलेल्या दोनशे कवितांतून बारा निवडल्या. अनुजाने पाच पाठवल्या होत्या, पाचही वृत्तात, मात्रा बोटांवर मोजून बसवलेल्या. त्यांतली एकही घेतली नाही. घेतली ती तिच्या धाकट्या जावेची, रंजिताची. आणि रंजिताने उभ्या आयुष्यात कविता लिहिली होती ती ही एवढीच.

रंजिता वरळी कोळीवाड्यातली, बारावी झालेली. परळला एका लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट द्यायची. डिलाईल रोडच्या चाळीत सासूबाई गॅलरीभर सांगत सुटल्या, "आमच्या रंजिताचा नाव इला! आता दादराक स्टेजवर म्हणतली!" अनुजाच्या वहीत एकशे चाळीस कविता होत्या. त्यांच्यासाठी सासूबाईंनी कधी शेजारणीचं दार वाजवलं नव्हतं. अनुजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तरी तिने हसून पेढा खाल्ला. न खाऊन सांगते कुणाला?

शनिवारी दुपारी रंजिता कागद घेऊन तिच्यापुढे बसली. "ताई, कविता म्हणून झाली की दोन मिनिटं बोलायचंय. कवितेत काय काय आहे ते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगा ना, प्लीज."

अनुजाने चष्मा लावला. कविता रंजिताच्या वारलेल्या आईवर होती. ती मासे विकायची.

आई घरी यायची पाटी रिकामी करून,
मागून समुद्र यायचा, तिचा पदर धरून.

"हे करून, धरून, म्हणजे यमक," अनुजा म्हणाली. "आणि समुद्र पोरासारखा पदर धरतो. निर्जीव वस्तूला माणसाचे गुण दिले, की ती चेतनगुणोक्ती."

"अय्या, त्याला नाव पण असतं? मला ते तसंच दिसायचं ओ. पदराला वास यायचा ना तिच्या."

अलंकारांची नावं सगळी अनुजाकडे होती, आणि माल सगळा हिच्याकडे. देवाचा हा कसला न्याय, असं तिला वाटलं. मग तिने शेवट वाचला.

आई गेली.
समुद्र दारातच उभा आहे.

तिने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. अशी ओळ तिच्या एकशे चाळीस कवितांत नव्हती, आणि पुढच्या एकशे चाळीसांतही येणार नव्हती. ती वर्गातल्या आवाजात म्हणाली, "इथे गडबड झालीय. यमक तुटलं."

"चुकलं? मग काय करू आता?"

अनुजाने पेन उचललं, त्या दोन ओळी खोडल्या आणि खाली झरझर लिहिलं:

आई गेली सोडून, आम्हां पोरकं करून,
सागरही रडतो आहे, डोळे आसवांनी भरून.

"तुम्ही होतात म्हणून वाचले," रंजिता म्हणाली. "नाहीतर स्टेजवर हसं झालं असतं."

रविवारी संध्याकाळी हॉल भरला होता. पदराच्या ओळीला पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. मग सागर रडला, आणि बाईने रुमाल पर्समध्ये टाकला. टाळ्या पडल्या त्या कुणालाही पडतात तेवढ्याच. अनुजाला हायसं वाटलं.

रंजिता माईकपाशी थांबली. "अलंकार मला ताईंनी शिकवले. आणि खरं सांगू? शेवटच्या ओळी माझ्या नाहीत. माझ्या चुकल्या होत्या. ह्या आमच्या अनुजाताईंच्या आहेत. ताई, उभ्या राहा ना!"

सासूबाईंनी कोपराने ढोसलं, तशी अनुजा उठली. तिच्या ओळी स्टेजवर म्हटल्या जाण्याची ही पहिलीच वेळ. सगळा हॉल तिच्याकडे वळून बघत होता.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "आणि तुमच्या मूळ ओळी काय होत्या हो?"

"जाऊ दे मॅडम, यमक जुळत नव्हतं."

"तरी म्हणा."

रंजिताने अनुजाकडे पाहिलं. "ताई, म्हणू?"

नाही म्हणायची सोयच नव्हती. "म्हण," अनुजा म्हणाली.

रंजिताने त्या दोन ओळी म्हटल्या. बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही. पर्स पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

जन्मात कविता न वाचलेल्या सासूबाईंनी मान वर करून अनुजाकडे पाहिलं आणि त्या शांततेत मोठ्यांदा विचारलं, "इतक्या बरा होता ता, मगे तू बदललंस कित्याक गो?"