पहिल्या रविवारी चार दिवे

आन्सगरकाका आमच्या बेटावरच्या प्रार्थनाघरात गात-गात प्रवचन करतात. दोन वाक्यं बोलायची, मग एक कडवं, पुन्हा दोन वाक्यं. त्यांनी सूर लावला की माझे डोळे भरून येतात. त्यांना स्वतःला मात्र फारसं ऐकू येत नाही. फोन वाजून वाजून गप्प होतो आणि तिकडे दूर त्रोम्सो शहरात त्यांची मुलगी सोल्वाय घाबरीघुबरी होते.

शेवटी तिनं बजावलं, "बाबा, निरोपाला उत्तर तरी देत चला. नाहीतर नाताळनंतर सरळ माझ्याकडे राहायला यायचं."

"तुझ्या त्या उंच इमारतीत? तिथून समुद्र नुसता दिसतो, वास कुठे येतो!"

काका तिकडे राहायला गेले म्हणजे आमचं प्रार्थनाघर मुकंच झालं. मी त्यांची शेजारीण, आयुष्यभर फेरीबोटींच्या वायरी जोडलेली. मी एक लाकडी डबी केली. वर ओळीनं चार दिवे, बाजूला मोठं बटण. सोल्वायनं फोनवरून निरोप धाडला की पहिला दिवा लागायचा. काकांनी बटण दाबलं की तो विझायचा आणि तिला कळायचं, बाबा ठीक आहेत. नाही दाबलं तर थोड्या थोड्या वेळानं दुसरा, तिसरा. चौथा लागला की तिच्या फोनवर भोंगा.

काही दिवस काकांनी चोख बटण दाबलं. मग नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला उजाडला. आमच्याकडे चार मेणबत्त्या ओळीनं मांडतात आणि दर रविवारी एकेक जास्त पेटवतात. मी पहिली लावून बसले होते, एवढ्यात सोल्वायचा फोन. "गुन्वोर, चौथा लागलाय! मी बंबवाल्यांना कळवलंय. तू धाव!"

बंबवाले म्हणजे आमचे तीन कोळी. आम्ही एकदमच काकांच्या दारात पोचलो. दार उघडंच होतं. काका कॉफी आणि वेलदोड्याचे पाव पुढ्यात घेऊन, डोळे मिटून, वरच्या पट्टीत गात होते. डबीवर पहिला दिवा झगझगत होता. उरलेल्या तिन्हींवर एक लोकरी हातमोजा.

काकांनी डोळे उघडले. "कोण गेलं?"

"तुम्ही!" बंबवाल्यांतला ओड्डवार धापा टाकत ओरडला.

"मग बूट तरी पुसून यायचं."

"काका, बटण का नाही दाबलंत?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"दाबलं की दिवा विझतो, तूच सांगितलंस ना? पहिल्या रविवारचा पहिला दिवा मी विझवू? मी म्हटलं, वा, पोरीनं काय डोकं चालवलंय, यंदा मेणबत्त्यांची कटकटच नको! तर मेला दुसराही लागला. अगं, त्याचा रविवार अजून यायचाय! मग तिसरा, मग चौथा! एवढी घाई त्या जन्मणाऱ्या बाळालाही नसेल. झाकले."

"बरोबरच आहे," ओड्डवारनं हेल्मेट काढलं. "आज चार कसे लावणार?" बाकीच्या दोघांनीही माझ्याकडेच रागानं पाहिलं.

फोनवर सोल्वाय कडाडली, "बास झालं! सामान बांधा म्हणावं त्यांना!"

मी तिला मोज्याची हकीकत सांगितली.

"चारही लागले? आज?"

"चारही."

"लहानपणी मी एकदा चारही मेणबत्त्या पेटवल्या होत्या. नाताळपर्यंत बाबा माझ्याकडे बघून मान हलवत होते." मग तिचा आवाज चढला. "गुन्वोर, तुला काही वाटलं कसं नाही गं? या दिवसांत, ओळीनं, मोजून चार! एकच ठेव. निळा. आणि लुकलुकणारा."

"आणि काका?"

"त्यांचं डोकं माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे. राहू देत तिथेच."

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"इथेच राहा म्हणते!"

"मग उभे का सगळे? दोन कडवी राहिलीत."

बंबवाले बसले, पाव फिरले, काकांनी सूर धरला. सोल्वायनं फोन ठेवला नव्हता. दुसऱ्या कडव्याला त्रोम्सोहून तिचाही आवाज लागला. जरा बेसूरच, पण शब्द न् शब्द पाठ.