चिमण्यांचा तारा

धान कापून झालं की गुलाबचंद दरवर्षी ओसरीत बसून लोंब्या गुंफायचा आणि चिमण्यांसाठी दारावर टांगायचा. चिमण्यांवर या माणसाचा भारी जीव. पोटच्या पोरीला मात्र यानेच उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. आचलने गोंदियात एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, त्याला दुसरं वर्ष लागलं, तरी बाप आपला तोंड फुगवून बसलेला. आणि त्याची बायको नंदाबाई? तिचा जीव रोज गावच्या, सौंदडच्या, स्टेशनावर जाऊन परत यायचा.

डिसेंबर लागला तसा आचलचा फोन आला. "माय, नाताळाआधी आम्ही दारावर तारा लावतो. येशूबाळ जन्मलं ना, तेव्हा दूरदेशीचे तीन राजे ताऱ्याच्या मागे चालत आले त्याला पाहायला. म्हणून त्या राजांचा सण होईपर्यंत, सहा जानेवारीपर्यंत, तारा उतरवायचा नाही."

"ते राजे इतक्या दुरून आले, अन् तुले गोंदियाहून येता येत नाही का वं?"

"बाबांनी बोलावलं तर आत्ता निघते."

नंदाबाईने फोन ठेवला, डोळे पुसले. नवऱ्याला सरळ सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली, "यंदा लोंब्यांले पाच टोकं काढा जी."

"चिमण्यांले टोकं कायले पायजे?" गुलाबचंद खेकसला. खेकसला, पण गुंफलं. बांबूच्या कामट्यांवर असा झोकदार तारा उतरला, की येणारे-जाणारे थांबून बघायचे.

नंदाबाई रोज त्या ताऱ्याखाली उभी राहायची आणि रस्त्याकडे पाहायची. पण चिमण्यांना कुठला आलाय सण? नाताळ होता होता त्यांनी तारा फस्त केला. राजांचा सण दुसऱ्या दिवसावर आला तेव्हा दारावर नुसत्या कामट्या आणि काड्या उरल्या होत्या. संपलं, नंदाबाईला वाटलं. आता पोर कशाच्या मागे येणार? चुलीपुढे बसून ती हमसून हमसून रडली.

तेवढ्यात बाहेर खडखडलं. बघते तर हे महाशय शिडीवर! बियाण्यासाठी राखलेली पेंढी सोडून लोंब्या बांधत होते.

"अजी, ते बियाणं आहे जी!"

"मले माहीत आहे. तू फोनवर बोलून राहिली होती तवा मी खाटेवरच होतो, पोरीचं सगळं आयकू येत होतं. बहिरा नाही झालो अजून." तो खाली उतरला. "उद्याच आहे ना त्या राजांचा सण? लाव फोन."

आचलचा आवाज ऐकला आणि त्याने नंदाबाईच्या हातातून फोन ओढून घेतला. इतक्या दिवसांचं बोलणं आत तुंबलेलं, आणि बाहेर पडलं काय तर, "तारा बांधला. पण चिमण्या खाऊन टाकतेत. लवकर ये."

पलीकडून मुसमुसणं ऐकू आलं. मग आचल म्हणाली, "तोवर चिमण्या हाकलत बसा, बाबा. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने येतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गुलाबचंद दारात काठी घेऊन बसला. जन्मात याने कधी चिमणी उडवली नव्हती. नंदाबाईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

"गाडीचा भोंगा झाला का वं?"

"नाही अजून."

एक चिमणी ताऱ्याच्या टोकावर येऊन बसली. त्याने काठी उचलली, पण मारवेना.

"हाट, माय!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझी पोर येऊ दे, मग सगळा तुमचाच आहे."