शिंगं रंगवलेली बॅटरी

मी मोटारीची बॅटरी बोलतेय. चेहरा आठवत नसेल तर राहू द्या. मोटार चालली की लोक हॉर्नचं कौतुक करतात, बंद पडली की सगळ्यांना आधी माझी आठवण येते.

बाहेरून काळा डबा, आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब, वजन अर्धा मण. १९५७चा पावसाळा सरताना मी अमरावतीच्या केशवराव वकिलांकडे आले. मायदेशी परतलेल्या एका इंग्रज साहेबाची विलायती स्पोर्ट्स कार त्यांनी घेतली होती. दोन माणसांची, बिनटपाची आणि लांब नाकाची. बैठकीमागच्या फळीखाली माझी जागा. तिथे माझ्याआधी दोघी येऊन गेल्या होत्या आणि दोघींनीही पोळ्यानंतरच्या आठवड्यातच दगा दिला होता. पावसाळी हवा बॅटरीला मानवत नाही, असा निकाल केशवरावांनी देऊन टाकला होता.

केशवरावांचं बालपण खेड्यात, बैलांमध्ये गेलेलं. शहरात बैल राहिले नाहीत, पण पोळा आला की हात स्वस्थ बसेनात. मग ते मोटारीचाच पोळा करत. तिला न्हाऊ घालत, नाकावर झूल टाकत, दिव्यांना माळा बांधत. प्रश्न फक्त शिंगांचा उरे आणि तो ते बॅटरीवर सोडवत. माझ्या माथ्यावर शिशाची दोन बोंडं आहेत, त्यांना तारांची कडी आवळलेली असतात. माझ्या पहिल्या पोळ्याला साहेबांनी कडी काढली, एक बोंड तांबडं रंगवलं, दुसरं हिरवं. रंग दिवसभर वाळू दिला, कडी परत चढवली आणि मला पुरणपोळी दाखवली. खरं सांगते, मी लाजले. एवढा मान कुठल्या बॅटरीला मिळतो?

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंची अकोल्याला मुलाखत होती. मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा, वेळ अकराची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि अशा जागेची त्या तेव्हापासून वाट पाहत होत्या.

"मी आपली रेल्वेनं जाते," बाई म्हणाल्या.

"घरात मोटार असताना? लोक काय म्हणतील!"

निघतानाच मोटारीने नखरे केले. मी आतून जीव तोडून जोर लावत होते, पण तो जोर तारेत उतरेच ना. डायनॅमो मला भरवायला बघत होता, तेही पोचत नव्हतं. कशीबशी मोटार सुरू झाली. पळत होती तोवर डायनॅमोने निभावून नेलं. मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक बंद होतं. इंजिन मंदावलं, भार माझ्यावर आला आणि मोटार गप्प झाली. स्टार्टर दाबला की नुसतं टक.

साहेबांनी फळी उघडली आणि माझ्याकडे बोट दाखवून जमलेल्या लोकांना सांगितलं, "हीच ती! तिसरी बेइमान!"

चार माणसांनी ढकलत मोटार फाटकाजवळच्या उस्मान मिस्त्रीच्या छपरापाशी नेली. साडेनऊ वाजले होते. बाई दर मिनिटाला घड्याळ पाहत होत्या. ते पाहून मलाच रडू येत होतं.

"ही मेली. काढून टाक, नवी बसव," साहेबांनी फर्मावलं.

"मेली हे तुमाले कोनं सांगतलं?" उस्मानने माझ्या पोटात काचेची नळी बुडवली. "तेजाब तं बराबर हाय साहेब. हिच्यात जान हाय."

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं.

त्याने दिवे लावले आणि बाईंना स्टार्टर दाबायला सांगितलं. दिवे एकदम विझले. त्याने कड्याला बोट लावून झटकन मागे घेतलं. "कडं तापून राहिलं. जोडातच खोट हाय." त्याने कडी सोडली. खाली एक तांबडं, एक हिरवं.

उस्मानने वाकून दोन्ही बोंडं नखाने खरवडली. "हे काय होय, साहेब?"

भर कोर्टात गर्जणारे केशवराव पुटपुटले, "शिंगं."

"कायची शिंगं?"

"मोटारीची," बाई म्हणाल्या. "परवा पोळा झाला ना."

उस्मानने मिशी चावून हसू दाबलं. "साहेब, शिंगं रंगवली तं बैल चालते. पन रंगातून करंट जात नाई. पुढच्या साली डब्बा रंगवा, शिंगाईले हात लावू नोका."

त्याने पॉलिश पेपरने माझी बोंडं घासून लखलखीत केली, कडी आवळली. बाईंनी स्टार्टर दाबला आणि मी एका दमात इंजिन उठवलं.

बोरगाव आलं. तेव्हा साहेब म्हणाले, "त्या आधीच्या दोघींना मी फुकट फासावर दिलं."

"आणि आज मलाही देत होतात," बाई म्हणाल्या. "जोरात चालवा."

अकराला पाच कमी असताना त्या शाळेत शिरल्या. केस विस्कटलेले, पदरावर चिखल, पण नोकरी मिळाली. आता त्या आठवडाभर अकोल्याला माहेरी राहतात आणि शनिवारी साहेब त्यांना न्यायला येतात. त्या दिवसापासून साहेब माझे वकील झाले आहेत. कोणाचीही मोटार बंद पडली की म्हणतात, "बॅटरीला बोल लावू नका, आधी जोड तपासा!"

त्याला चार वर्षं होऊन गेली. आज शनिवार आहे, आम्ही शाळेच्या दारात उभे आहोत आणि मोटार हलत नाही. माझ्या पट्ट्या झडल्या आहेत, तेजाबाचं पाणी झालं आहे. साहेब मात्र पॉलिश पेपर घेऊन तिसऱ्यांदा माझी बोंडं घासत आहेत.

"अहो, म्हातारी झाली ती," बाई म्हणतात.

"नाही सरोजिनी! ही निर्दोष आहे. जोडातच काहीतरी आहे."

वकीलसाहेब, फार बरं वाटलं. हे शब्द ऐकायलाच मी एवढे दिवस तग धरला. पण आता कबुलीजबाब देते, लिहून घ्या. या खेपेला दोष माझाच आहे. मला काढा आणि बाईंना घरी न्या. पाऊण तासापासून त्या उन्हात उभ्या आहेत.