फाटकावरची लाल रेघ

चौथ्या मजल्यावरच्या त्या एकाच खोलीत शिलाई मशीन, कॉट आणि कापडांचे गठ्ठे मांडून झाले, की माणसांना उरायची ती मधली बोळकांडी. तिथे ठमीने उडी मारली रे मारली, की खालचे काका काठीने छत ठोकायचे. म्हणून जरा सवड मिळाली, की शिलाईवाली आपल्या या लेकीला तळ्याकाठच्या बागेत न्यायची. पोर तिथे वासरासारखी उधळायची आणि घरी येऊन ताट चाटूनपुसून जेवायची.

मग बागेला कुंपण आले आणि पाठोपाठ तिकीट. देखभालीला पैसा लागतो, कबूल. पण ज्याच्याकडे तो नाही त्याने मोकळी हवा कुठे खावी? ज्यांच्या दारापुढे स्वतःचे अंगण आहे, त्यांनीच हे ठरवले असणार! उपकार म्हणून फाटकाच्या खांबावर एक लाल रेघ ओढली. रेघेच्या खाली डोके असलेल्या मुलांना प्रवेश फुकट. शिलाईवाली ठमीला आत सोडायची आणि स्वतः कुंपणाबाहेर उभी राहायची.

पण पोर वाढू लागली. तेव्हा आईनेच युक्ती शिकवली. "खांबापाशी गेलीस ना, की गुडघे जरासे वाकव." वाकलेले गुडघे दिसू नयेत म्हणून तिने फ्रॉकही पायघोळ शिवला. स्वतःच्या हुशारीचे तिला कौतुकच वाटले.

एका दुपारी शाळेच्या गणवेशासाठी ती ठमीचे माप घ्यायला बसली. पाठीला टेप लागताच पोर आक्रसली.

"सरळ उभी राहा गं."

"उभीच आहे की."

"मग गुडघे का वाकवतेस? इथे कोण बघतंय?"

"आपोआप वाकतात."

तिने टेप कमरेभोवती फिरवला. कंबर मागच्या मापापेक्षा आत गेली होती.

"शाळेत डबा खातेस ना?"

ठमी खाली बघू लागली. "मैत्रिणीला देते. खाल्लं की उंच होतात. मग मला आत सोडणार नाहीत."

शिलाईवालीला रडूही आले नाही, इतकी स्वतःची लाज वाटली. अलीकडे जेवताना पोर 'पोट भरलं' म्हणून अर्ध्यावर उठायची, तेव्हा तिने कामाच्या नादात मान डोलावली होती.

संध्याकाळी फाटकावर नेहमीसारखी रांग होती. खांबापाशी तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "ताठ उभी राहा, ठमे."

"आई, नको ना!"

"राहा म्हणते ना."

ठमीचे डोके रेघेच्या वर निघाले. पहारेकरी चक्रावला. "ताई, काल तर रेघेखाली बसत होती!"

"काल वाकत होती, दादा. मीच वाकवत होते."

"मग तिकीट काढा."

"पैसे नाहीत. आणि आता पोर वाकणारही नाही. तुमच्या साहेबांना बोलवा. हिच्याकडे बघून सांगू देत, आत येऊ नको म्हणून."

"साहेब कशाला येतायत इथे! बाजूला व्हा, लोक खोळंबलेत."

मायलेकी बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. ठमी हमसून हमसून रडत होती आणि आईचा हात तिच्या पाठीवरून हलत नव्हता. रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलीच्या खांद्यावर दाबून ठेवलेला हात सावकाश काढून घेतला, आणि लेकीला घेऊन तीही रांगेबाहेर येऊन उभी राहिली.

बाकीचे तिकीट काढून आत गेले. एकानेही मागे वळून पाहिले नाही. त्यांत तुम्हीआम्हीच होतो.