पिकलेली वाळू

आजोबांनी छोटी वाटी उजेडाकडे धरली, आत एक फुंकर मारली आणि खिशातून क्लोरीनची बाटली काढली. बोटभर उंचीची, निळ्या झाकणाची. चार थेंब वाटीत. त्यातच चमचा बुडवून ढवळला. पुसायचं नाही, खंगाळायचं नाही, ओल तशीच राहू द्यायची. उभा जन्म शहराच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात गेला होता त्यांचा. लोकांना क्लोरीनच्या वासाने मळमळतं. आजोबांना तो अत्तरासारखा.

स्वयंपाकघराच्या दारात नात उभी होती. भिंगरी. हे नाव ती सतत गरगरत असायची तेव्हाचं. आता तापाने आणि त्यामागून आलेल्या जुलाबाने गाल आत गेले होते, पण डोळे अजून मुकादमाचे होते.

"झालं?"

"झालं."

"एकसुद्धा जंतू नाही ना राहिला?"

"औषधाला सापडणार नाही."

तिने करंगळी पुढे केली. आजोबांनी आपली तिच्यात अडकवली.

मग भिंगरीची आई आली. तिने त्याच वाटीत विरजण घेतलं, कोमट दुधाच्या चार थेंबांत मोडलं, वाडग्यातल्या दुधात सोडलं, वर ताटली ठेवली आणि जुन्या स्वेटरमध्ये वाडगा असा गुंडाळला की कुणाला वाटावं घरात तान्हं बाळ आहे.

"उद्या बघा बाबा. सुरीने कापावं लागेल."

*

सकाळी झाकण काढलं.

दूध.

*

झालं होतं ते असं. ताप उतरवायला भिंगरीला जी औषधं द्यावी लागली, त्यांनी ताप पळवला आणि जाताजाता तिच्या पोटाचीही घडी विस्कटली. नातीचं थांबेना. आजोबांचं तर कित्येक वर्षं निघतच नव्हतं. ते आत गेले की अर्धं वर्तमानपत्र वाचून बाहेर येत, आणि भिंगरीला एक बातमीभरही दम धरवत नसे. घरात संडास एकच. दारावर मुठी आपटल्या जात, आतून "आलो, आलो" ऐकू येई, आणि येत कुणीच नसे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण खाली अंगणात पोरं खेळत. भिंगरी रोज बूट घालून निघे, अर्धा जिना उतरे, पोटात कळ येई, उलट पावली वर. मग ती खिडकीत बसून खालच्यांना नियम सांगे. हल्ली खालचे वर बघतही नसत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषधाने वाईट जंतूंबरोबर चांगलेही गेलेत. वस्ती उठलीय म्हणा ना. पाणी भरपूर पाजा, केळं द्या, आणि घरचं ताजं दही, बिनसाखरेचं. जिवंत जंतू असतात त्यात. मोठ्यांनीही खायला हरकत नाही. हळूहळू बसेल घडी."

जिवंत जंतू! भिंगरीने दवाखान्यातच तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. जंतू पोटात गेले म्हणून तर ती एवढी आजारी पडली होती, आणि आता तेच चमच्याने खायचे?

घरी आजोबांनी तिचीच बाजू घेतली.

"चांगले जंतू म्हणे. उद्या म्हणतील प्रामाणिक चोर."

"बाबा, तुम्ही तिला आणखी बिथरवू नका."

"मी कुठे? दही खाऊ दे ना. दही चांगलंच. आंबट घातलं की दूध आंबतं, त्यात जंतूंचा काय संबंध?"

शेवटी भिंगरीने निकाल दिला. दही ती खाईल, पण घरी लावलेलं, आणि आजोबांनी राखलेलं. बाहेरचं नाही, शेजारचं नाही. आजोबांनी पहारा पत्करला. आईला बाटलीचं सांगायचं कारण नव्हतं. पहारेकरी कुठे उभा राहतो हे कुणी सांगत फिरतं का?

*

दुसऱ्या वाडग्याचं विरजण आईने बस डेपोतल्या मैत्रिणीकडून आणलं. आई शहरात बस चालवायची, सकाळच्या पाळीला.

दूध.

तिसऱ्याचं शेजारच्या शिंपीणबाईंनी स्वतः आणून दिलं. "माझं विरजण पाण्याचंसुद्धा दही करतं," म्हणाल्या.

दूध.

शिंपीणबाई वाडग्यात डोकावल्या, मग आईकडे बघत राहिल्या. "हात कसे आहेत गं तुझे?"

*

चौथ्या सकाळी आई डेपोचा गणवेश घालून वाडग्यासमोर उभी होती. पाळीची वेळ होत आली होती. तिने वाडगा हलवला, दूध डुचमळलं. तिने तो नाकाशी नेला, ठेवला. मग रात्रीची वाटी उचलून हुंगली.

"बाबा."

"हं."

"या वाटीला पोहण्याच्या तलावाचा वास येतोय."

आजोबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. उलटं उलटलं.

"माझं नाकच बिघडलं असेल," आई म्हणाली. तिने मनगटाने डोळे पुसले, टोपी घातली आणि गेली.

आजोबांनी उठून वाटी हातात घेतली. हुंगायची गरज नव्हती. तो वास त्यांच्या शर्टांना, चपलांना, उशीला होता. तरी ते वाटी घेऊन बराच वेळ उभे राहिले. एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा वाटीकडे. मग कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की आतल्या खोलीतून आवाज आला.

"आजोबा, पडलास?"

"पडलोच म्हण."

*

भिंगरी जिथून रोज परत फिरायची त्याच पायरीवर दोघं बसली.

"आज वाटी धुतली नाहीस? पहारा सोडलास?"

"ऐक तर. आमच्याकडे वाळूची एक मोठी टाकी होती. घराएवढी. वरून गढूळ पाणी सोडायचं, वाळूतून झिरपून खाली स्वच्छ यायचं."

"माहितेय."

"एक नाही माहीत. नवी, धुतलेली, चकचकीत वाळू घातली ना, तर खाली यायचं ते पाणी पिण्याजोगं नसायचंच."

"मग तू बाटली टाकायचास."

"छे. काहीच नाही करायचो. थांबायचो. वाळूवर हळूहळू साय धरायची. बुळबुळीत, हिरवट."

"शी!"

"शीच. आणि त्या सायीत कोण? जंतू. खंडीभर. पाण्यातून येणाऱ्या दुष्ट जंतूंना तेच खाऊन टाकायचे. साय धरली की आम्ही म्हणायचो, वाळू पिकली. बाटलीचं काम सगळ्यात शेवटी, खालच्या पाण्यात. वाळूत कधीच नाही."

"वाळूत टाकली तर?"

खालून चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

भिंगरी बुटाच्या नाडीशी खेळत राहिली.

"म्हणजे माझी वाळू धुतली गेलीय."

"चकचकीत."

"आणि आई रोज वाटीत साय घालत होती. आणि तू बाटली."

"हो."

"आजोबा, तू केवढा गाढव आहेस!"

"केवढाही म्हण."

"आईला सांगू?"

"मला जेवायला नाही मिळायचं."

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळीच. हसताहसता पोट धरलं आणि आजोबा उठायलाच लागले, पण ते नुसतं हसण्यासाठी धरलेलं होतं.

"नाही सांगत," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तू आधी खायचंस. माझ्यासमोर."

*

दही.

असं की वाडगा तिरका केला तरी हललं नाही. चमचा रुतला तिथे खळी पडली.

आजोबांनी चमचा उचलला. कडू औषध घेताना मिटतात तसे डोळे मिटले आणि गिळलं. भिंगरीने लगेच त्यांच्या पोटाला कान लावला.

"काय म्हणताहेत?" आजोबांनी विचारलं.

"सामान लावताहेत."

मग तिने स्वतःचा चमचा घेतला. थोडा. मग भरून.

आईने रात्रीची विरजणाची वाटी नाकाशी नेली.

"आज तलाव नाही."

"दूध बदललंस वाटतं?" आजोबांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. टोपी घालताना तिने आरशातून त्यांच्याकडे बघितलं, तोंडाचा कोपरा आत ओढून धरला, आणि बस चालवायला गेली.

*

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा भिंगरी जिन्याच्या त्या पायरीच्या दोन पायऱ्या खाली जाऊन आली. मग एकदा फाटकापर्यंत. मधेच एक दिवस वाईट गेला, तरी संध्याकाळी वाडगा स्वेटरमध्ये गेलाच. आजोबांचं वाचन अर्ध्या वर्तमानपत्रावरून मथळ्यांवर आलं. "जगात काय चाललंय हे मला हल्ली कळेनासं झालंय," असं ते शिंपीणबाईंना मोठ्या आनंदात सांगत.

आणि एका संध्याकाळी वर खिडकीत कुणीच नव्हतं. आवाज खालून येत होता. नियम तेच, फक्त आता ते सांगणारी स्वतः धावत होती.

आईने वाडगा टेबलावर ठेवला, दोन वाट्या मांडल्या.

"बोलवा ना तिला. केव्हाची खाली आहे."

आजोबा खिडकीच्या चौकटीला टेकून उभे होते. खाली धुळीत एक भिंगरी गरगरत होती.

"हात नको लावूस," ते म्हणाले. "पिकू दे."